सपाट ट्रेल, टिटवीचा शिक्का आणि चौदा अंशांचा घोळ

आमच्या घरात हाइकवरून कायम दोन पार्ट्या असतात. नवऱ्याला चढ लागतो, घाम लागतो, वर पोचल्यावर लांबपर्यंत काहीतरी दिसायला लागतं. सईला (वय वर्षं दहा) पहिल्या अर्ध्या मैलातच "अजून किती राहिलंय" सुरू होतं. त्यात यंदा सासरे आलेत भारतातून, अप्पांचा गुडघा चढ म्हटलं की संप करतो, म्हणजे ट्रेल सपाटच बघायला हवा, आणि इकडे अमेरिकेत, न्यू इंग्लंडमध्ये सपाट ट्रेल म्हणजे बहुतेक वेळा पाणथळ जागा, बोर्डवॉक, बदकं, आणि "आपण हे गाडीतून पण बघू शकलो असतो" असा नवऱ्याचा चेहरा. म्हणून मी लेटरबॉक्सिंग काढलं. ऑफिसमधली एक मैत्रीण बरीच वर्षं करते, तिच्या वह्या बघितल्या होत्या, तेव्हापासून डोक्यात होतं.

प्रकार असा आहे. कुणीतरी जंगलात किंवा पार्कात एक वॉटरप्रूफ डबा लपवून ठेवतं. डब्यात एक रबर स्टॅम्प, बहुतेक वेळा हाताने कोरलेला, आणि एक छोटी वही. डबा कुठे आहे त्याचे क्लू ऑनलाइन असतात, अ‍ॅटलस क्वेस्टसारख्या साइटवर. आपण आपला स्वतःचा स्टॅम्प, इंक आणि वही घेऊन जायचं, डबा सापडला की त्यांचा स्टॅम्प आपल्या वहीत मारायचा, आपला त्यांच्या वहीत, खाली तारीख आणि आपलं ट्रेल नेम (म्हणजे या खेळापुरतं टोपणनाव), आणि डबा परत जागेवर. बस. काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. जिओकॅशिंग हा डबे शोधायचा असाच दुसरा खेळ, त्यात जीपीएसचे आकडे असतात, इथे साधारणपणे शब्द असतात, "फुटक्या खडकाकडे पाठ करून उभे राहा" टाइप, आणि कधी कधी होकायंत्राचे अंश आणि पावलं. जिओकॅशिंग २००० सालचं, अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली त्यानंतर लगेच सुरू झालेलं. हे त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं.

अप्पांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न, "कुणी सुरू केलं?" रिटायर्ड माणसाला इतिहास लागतोच. म्हटलं, इंग्लंडात डार्टमूर म्हणून उजाड माळरान आहे, तिथे १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली, जो तिथवर चालत पोचेल त्याने आपलं कार्ड त्यात टाकून यायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवायला लागले आणि नंतर येणारा ती नेऊन पोस्टात टाकायचा, त्यावरून लेटरबॉक्स. अमेरिकेत मात्र १९९८ साली स्मिथसोनियन मासिकात लेख आला तेव्हा कुठे लोकांनी मनावर घेतलं. अप्पा सगळं ऐकून म्हणाले, "१८५४? त्याच साली आपल्याकडे अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं, निळं, राणीच्या डोक्याचं." लहानपणी तिकिटं जमवलेला माणूस आहे, असं कुठलंही साल त्यांच्यासमोर टाकायचं नाही.

पण पहिलं काम स्टॅम्प. विकतचा चालतो, कुणी हाकलून देत नाही, पण त्यात मजा नाही. ट्रेल नेम ठरवण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली, शेवटी सईने "टिटवी" लावून धरलं कारण आजोबा तिला टिटवीचा आवाज काढून दाखवतात आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा तीच करते, ते तिलाही माहितीये.

कोरायला खास मऊ रबराचे ब्लॉक मिळतात, गुलाबी रंगाचे, आणि लिनो कटर, ज्याला व्ही आकाराची पाती बदलून लावता येतात. साधं खोडरबरसुद्धा चालतं. चित्र उलटं कोरायला लागणार हे टेन्शन असतं ना, त्याची गरज नाही. कागदावर मऊ पेन्सिलने चित्र सरळच काढायचं, गडद, मग तो कागद पालथा रबरावर ठेवायचा आणि नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासायचा. ग्राफाइट रबरावर उतरतं, आपोआप उलटं. मग जे काळं दिसायला हवं ते ठेवायचं आणि बाकीचं खरवडून काढायचं. हात हलवायचा नाही, पातं एका जागी धरून रबर फिरवायचं, वळणं छान येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेघेच्या खालून पोखरायचं नाही, बाहेरच्या बाजूला उतार देत कापायचं, म्हणजे रेघेला खाली पाया राहतो. नाहीतर चारदोनदा दाबल्यावर रेघ वाकते आणि मग तुटते.

टिटवीचे पाय हा मोठा प्रॉब्लेम होता. लांब काड्या. खऱ्या प्रमाणात ठेवल्या तर रबरात टिकणार नाहीत, जाड केल्या तर कोंबडी दिसते. सईने चित्रात गवत घातलं आणि अर्धे पाय त्यात गडप केले, विषय संपला. डोळ्यापुढचा तो लाल लोंबता तुकडा मात्र तिला हवाच होता. खाली "टिटवी" अक्षरं मी कोरली. मला वाटलं होतं देवनागरी अवघड जाईल, पण उलट झालं, शिरोरेघ अख्ख्या शब्दाला वरून धरून ठेवते त्यामुळे अक्षरं सुटी सुटी हलत नाहीत, फक्त ट च्या पोटातली जागा साफ करताना श्वास रोखायला लागतो. रंगासाठी इंक पॅडपेक्षा पाण्याच्या शाईचे ब्रश मार्कर बरे, स्टॅम्पवरच पाहिजे तिथे पाहिजे तो रंग लावायचा, मग तोंडाची वाफ द्यायची (चष्म्याच्या काचेवर देतो तशी हा-हा करून) म्हणजे वाळलेली शाई परत ओली होते, आणि दाबायचा. पहिलाच ठसा असा काही उमटला की अप्पांनी वर्तमानपत्राच्या सगळ्या कडांवर टिटव्याच टिटव्या मारून ठेवल्या.

जागेचं नाव मुद्दाम सांगत नाही. या छंदात क्लू फोडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, आणि इथे तर नाव घेतलं की पुढचं शोधायला फार डोकं लागत नाही. एक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज (अभयारण्य) आहे एवढं पुरे. पाटीवर निळा उडता हंस असतो ना, तेच. अशी पहिली जागा १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्टने फ्लोरिडात जाहीर केली, पेलिकन आयलंड, आता देशभर साडेपाचशेच्या वर आहेत. नॅशनल पार्क माणसांना बघायला असतं, रेफ्यूज आधी प्राण्यांपक्ष्यांचं आणि जमलं तर आपलं, त्यामुळे नियम कडक. परवानगीशिवाय कुठलीही वस्तू तिथे ठेवून जाता येत नाही, म्हणजे मनाला आलं म्हणून डबा लपवला असं चालत नाही. आम्ही शोधत होतो तो डबा रेफ्यूजच्याच लोकांनी ठेवलेला होता, व्हिजिटर सेंटरच्या टेबलावर क्लूचा कागद पण मिळाला. त्याच्या डोक्यावरच ठळक अक्षरात, "डबा ट्रेलपासून हाताच्या अंतरावर आहे. ट्रेल सोडायची गरज कुठेही पडणार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

मे महिना, मोजे पँटच्या वर ओढलेले, कारण डियर टिक्स, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या गोचिडी. सई म्हणाली आपण सगळे क्रिकेट खेळायला चाललोय असं वाटतंय.

क्लूचे पहिले टप्पे सोपे होते पण सोपे म्हणजे काय, तर बघायला लागत होतं. कुठेतरी "ज्या ओंडक्यावर ऊन खाणाऱ्यांची गर्दी असते तो मागे टाका" असं होतं (शब्द मी बदललेत). एरवी आम्ही त्या बोर्डवॉकवरून पाच मिनिटांत पलीकडे गेलो असतो. आता प्रत्येक ओंडका तपासणं आलं. एकावर पेंटेड टर्टल, ओळीने, माना वर करून, पायांचे पंजे मागे ताणलेले. सई मोजायला लागली की एक पाण्यात पडायचं. वेतासारख्या त्या कॅटटेलवर रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड बसून खांद्यावरचे लाल पट्टे फुगवून ओरडत होते, खाली चिखलात स्कंक कॅबेजची ही मोठाली पानं, सईने एक वाकून हुंगलं आणि नाव का पडलं ते तिला कळलं. नवरा घड्याळ बघत नव्हता हे माझ्या लक्षात आलं. त्याला क्लूचा कागद स्वतःकडे हवा होता.

एका ठिकाणी वाटेत पीस पडलं होतं, मोठं, राखाडी निळसर, बहुतेक ग्रेट ब्लू हेरनचं. अप्पा उचलायला वाकले. मी म्हटलं, "अप्पा, नका घेऊ, इथे पीस नेणं पण गुन्हा आहे." त्यांना खरं वाटेना. पण आहे तसं, १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, एके काळी बायकांच्या हॅटसाठी पिसं हवीत म्हणून बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जायच्या, त्यामुळे पीस मारून मिळवलं की पडलेलं सापडलं हा प्रश्नच ठेवला नाही, सरसकट बंदी. अप्पा थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. एकदा पडलेलं चालतं म्हटलं की सगळीच पडलेली निघतात." सरकारी नोकरी केलेल्या माणसाला पळवाटा लगेच दिसतात.

आणि मग आलं ते बाक. क्लूमधली शेवटची ओळ, बाकाला पाठ लावून उभे राहा, २४० अंश, वीस पावलं, एक पाऊल म्हणजे डावं-उजवं मिळून दोन. नवऱ्याने फोनवर कंपास उघडला. अप्पांनी खिशातून सईचं होकायंत्र काढलं, पारदर्शक पट्टीवालं, मी याच्यासाठीच घेतलेलं. दोघांनी हात लांब केले. दोन हात दोन दिशांना.

इथे सांगायला हवं की अप्पांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, रत्नागिरी जिल्ह्यात. शंकू आणि साखळी घेऊन डोंगरउतारावरच्या आंब्याच्या बागा मोजलेला माणूस. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, हे आमच्या घरात सईलासुद्धा पाठ आहे. त्यामुळे फोन विरुद्ध होकायंत्र हा सामना बराच वेळ चालला.

"अरे, तुझा फोन कुठली उत्तर दाखवतोय?"

"उत्तर म्हणजे उत्तर, अप्पा."

"उत्तर दोन असतात."

नवऱ्याने सेटिंग बघितलं, ट्रू नॉर्थ चालू होतं. म्हणजे फोन खऱ्या उत्तर ध्रुवापासून मोजत होता आणि होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तरेपासून. या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण चौदा अंश पश्चिमेला झुकलेली असते. चौदा अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण वीस दुहेरी पावलं म्हणजे शंभर-सव्वाशे फूट, तेवढ्या अंतरावर चौदा अंशांनी पंचवीस-तीस फुटांचा फरक पडतो. क्लूमध्ये कुठली उत्तर ते लिहिलेलं नव्हतं. लेटरबॉक्सिंगमध्ये काही लिहिलं नसेल तर सहसा होकायंत्राचीच धरतात, हे मला मैत्रिणीने सांगितलेलं, पण मी बोलायच्या आत अप्पांनी निकाल लावला होता. फोनची रेघ उजवीकडे ट्रेल सोडून सरळ झुडपात शिरत होती आणि तिथे तीन-तीन पानांची चकचकीत पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज उठवणारी वेल) माजलेली. होकायंत्राची रेघ ट्रेलच्या कडेकडेने. "वर काय लिहिलंय? ट्रेल सोडायचा नाही. मग तुझ्या उत्तरेला जाऊन कसं चालेल?" नवरा गप्प. तसा तो इंजिनियर आहे, त्याला ते पटलं पण मान्य करायला दोन मिनिटं लागली.

पावलं अप्पांनी टाकली. त्यांचा हिशोब ठरलेला, बारा साधी पावलं म्हणजे एक साखळी, अर्थात तरुणपणीची, आता गुडघ्यामुळे आखूड पडतात म्हणून वर दोन वाढवली. वीस झाल्यावर उभे राहिले तिथे समोर काही नाही. थोडं पुढे बुंध्यापासून दोन फांटे फुटलेलं एक बीचचं झाड आणि त्याला टेकून जुनी दगडी भिंत. "क्लू लिहिणारा उंच आहे," अप्पा म्हणाले, "ढांगा टाकतो." ती भिंत बघून मात्र ते सगळं विसरले. नुसते दगडावर दगड, मध्ये माती नाही चुना नाही, जंगलातून सरळ आत गेलेली. "हा तर गडगा!" कोकणातल्या बागांना असतो तोच. मी म्हटलं हे सगळं जंगल एके काळी शेती आणि कुरणं होती, शेतातले दगड वेचून लोकांनी भिंती घातल्या, मग शेती सोडून लोक गेले आणि झाडं परत आली. अप्पा गडग्याची उंची हाताने मापत बसले. हद्द कुणाची असेल, सर्व्हे नंबर काय असेल, वगैरे.

सईला तेवढा धीर नव्हता. बुंध्यामागे एक चपटा दगड जरा जास्तच शहाण्यासारखा उभा होता. आधी काठीने टोचायचं, हात घालायचा नाही, आत गांधीलमाशी किंवा साप असू शकतो, हे बजावलं होतं, आणि तिने ते खरंच केलं. दगड सरकला. मागे हिरव्या टेपने गुंडाळलेला चार बाजूंनी लॉक होणारा डबा.

आणि नेमकं तेव्हा ट्रायपॉड खांद्यावर घेतलेलं एक वयस्कर जोडपं आलं. डबा उघड्यावर दाखवायचा नसतो, ज्याला माहीत नाही तो कचरा समजून उचलून नेतो. मी जॅकेट टाकलं वर आणि सगळे गडग्यावर बसलो, अत्यंत संशयास्पद चेहरे करून. त्या आजी थांबल्या, स्कोप लावला, आणि अप्पांना बोलावून पिवळाधमक यलो वॉर्ब्लर दाखवला, छातीवर तांबूस रेघा असलेला. अप्पांचं इंग्रजी बेताचं आणि आजींचा उत्साह अफाट, दोघांचं मस्त जमलं. ते गेले तोवर सईच्या जिवाची घालमेल.

डब्यात पिशवीच्या आत पिशवी, आतल्या पिशवीत वही, दुसरीत स्टॅम्प. स्टॅम्प कासवाचा होता, पाठीवरच्या प्रत्येक खवल्याची कड इतकी बारीक की मी कोरून पाहिलेलं असल्यामुळे मला त्यामागचे तास दिसत होते. न कोरता आले असते तर "क्यूट" म्हणून वहीत मारून मोकळी झाले असते. वही वाचण्यात बराच वेळ गेला. पानापानावर ठसे, घुबड, मशरूम, एक बूट, एका पानावर फक्त अंगठा शाईत बुडवून मारलेला कारण स्टॅम्प घरी राहिला होता म्हणे. आमच्या टिटवीने रिकाम्या पानावर जागा घेतली, वाफ अप्पांनी दिली, दाबायचा मान सईचा. बाहेरची पिशवी फाटून आत ओल यायला लागली होती म्हणून आमच्याकडची नवी लावली, दोन जास्तीच्या पिशव्या आणि थोडा टिश्यू बरोबर ठेवाच, वही भिजली की सगळ्यांचंच गेलं.

तळाशी अजून एक छोटं पाकीट होतं. हिचहायकर. म्हणजे एक प्रवासी स्टॅम्प, स्वतःची चिमुकली वही घेऊन फिरणारा. जो सापडवेल त्याने ठसे घ्यायचे आणि त्याला पुढच्या डब्यात नेऊन सोडायचं. हा एक बेडूक होता आणि त्याच्या वहीत आधीच्या डब्यांचे शिक्के होते. सईने तो लगेच स्वतःच्या खिशात टाकला.

डबा परत ठेवायचं काम नवऱ्याने केलं, दगड लावून, वर पानं टाकून, चार पावलं मागे जाऊन बघून, परत येऊन दगड फिरवून. ज्या माणसाला ही जागा गाडीतून बघायची होती.

लूप सगळा मिळून दोन मैलांचा, आमची अख्खी सकाळ गेली. परत व्हिजिटर सेंटरला अप्पांनी काउंटरवर डक स्टॅम्प बघितला आणि तिकीटवाला जीव जागा झाला. १९३४ पासून दरवर्षी निघतो, पाणबदकांच्या शिकारीला लागतो पण कुणीही घेऊ शकतं, पंचवीस डॉलर, आणि प्रत्येक डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा राखायला जातात. पहिल्या तिकिटाचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराचं, पाटीवरचा तो निळा हंसही त्याचाच. अप्पांनी एक घेतला, पत्रावर लावता येत नाही हे दोनदा विचारून. गाडीत बसण्याआधी सगळ्यांचे मोजे, गुडघ्यामागे, मानेवर टिक बघून घेतल्या, एक नवऱ्याच्या पँटवर चालत होती, टेपला चिकटवून टाकली.

आता प्रश्न बेडकाचा आहे. हिचहायकर घरात ठेवून घ्यायचा नसतो, आणि तो ड्रॉवरमध्ये पडलाय म्हणून सई रोज आठवण करते. कनेक्टिकटच्या स्टेट फॉरेस्टमध्ये तिथल्या सरकारनेच लेटरबॉक्स ठेवलेत, बत्तीस जंगलं, पाच झाली की पॅच मिळतो आणि सगळी केली की चालायची काठी, हे नवऱ्याने शोधून काढलंय आणि त्याने चढाचे ट्रेल आधी लावलेत यादीत, अप्पांनी ती यादी उलटी करून ठेवलीये. शिवाय अप्पांना आता टिटवीत वाटणी नको आहे, स्वतःचा वेगळा स्टॅम्प पाहिजे, साखळीचा. एकेक कडी सुटी दिसली पाहिजे म्हणतात. गुलाबी रबराचा दुसरा ब्लॉक मागवलाय.